सायली अजून व्याली नाही

२ जानेवारी २०२५, गुरुवार

आले एकदाची! बालीगंजहून सकाळी निघाले, सियालदहला गाडी बदलून बराकपूर, आणि तिथून टोटोत, म्हणजे इथल्या बॅटरीच्या रिक्षात, बसून नदीकाठच्या खडबडीत रस्त्याने अर्धा तास. टोटोवाल्याला 'घोडार बागान' एवढंच सांगायचं होतं; घोड्यांची बाग, या फार्मचं इथलं नाव. माझ्या नवऱ्याने, कुणालने, ते माझ्याकडून घरी चार वेळा घोकून घेतलं होतं, जणू मी हरवणारच आहे.

त्याची बँकेने इकडे बदली केली तेव्हा पुण्याजवळच्या स्टड फार्मवरची नोकरी सोडताना मला रडू आलं होतं. अठरा वर्षं घोड्यांची डॉक्टर म्हणून काढल्यावर कोलकात्यात काय करायचं, फ्लॅटमध्ये बसून माणसांची तोंडं बघायची? आणि इथे येऊन पंधरा दिवस होत नाहीत तोच हे काम मिळालं. अकरा एकर जागा, पाच घोडे, पलीकडच्या काठावर वीटभट्ट्यांची धुराडी, आणि राहायला दोन खोल्या. जमेल त्या शनिवारी संध्याकाळी बालीगंज, सोमवारी परत.

सगळं बघायला रामसकल आहे. साठीचा मोतद्दार, बिहारातल्या छपऱ्याकडचा, सव्वीस वर्षं इथेच. आल्या आल्या त्याने नव्या खजुराच्या गुळाचा चहा दिला. मी चार घोड्यांचे खूर उचलून बघितले तेव्हा कुठे त्याच्या कपाळावरची आठी गेली.

पाचवी सायली. नऊ वर्षांची, कुमैत, म्हणजे तांबूस तपकिरी, कपाळावर पांढरा टिळा. गाभण आहे, आणि मला मुख्यतः तिच्यासाठीच ठेवलं आहे. रजिस्टरमध्ये घोडा दाखवल्याची, म्हणजे फळवल्याची, नोंद गेल्या वर्षी २ फेब्रुवारीची, म्हणजे तीनशे चाळीस दिवस ७ तारखेला भरतात. मी तिच्या मानेवरून हात फिरवला तर तिने सरळ माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. कुणालला फोनवर सांगितलं, माझी इथे एक मैत्रीण झाली.

४ जानेवारी

मालक अजेय नगरकर. नगरकर मंडळी तीन पिढ्या कोलकात्यातली. हे फार्म त्यांच्या वडिलांनी, श्यामरावांनी काढलं, आणि त्यांच्यानंतर ते सांभाळलं अजेयच्या बहिणीने, कालिंदीताईंनी. त्या गेल्या जानेवारीत गेल्या. सायली व्यायला झाली होती, त्या आत होत्या, सायलीची लाथ बसली आणि जागच्या जागी संपल्या. शिंगरूही गेलं. हे अजेयनी मला पहिल्याच फोनवर न लपवता सांगितलं, ते मला बरं वाटलं.

पण लाथ मारणारी घोडी ही नव्हे. पोटाखाली हात घातला तरी कान मागे करत नाही.

बाळंतखोली ऐसपैस आहे, विटांची, खाली भाताचा पेंढा. दार मात्र जड सागवानी आणि कडी फक्त बाहेरून. आतूनही एक कडी बसवू या, असं मी रामसकलला म्हटलं. दाराची सगळ्यात खालची फळी नवी आहे. बाकी दार काळं पडलेलं, ती एकटीच पिवळी.

७ जानेवारी

तीनशे चाळीस दिवस भरले. कास भरलेली नाही, सडांना व्यायच्या आधी येणारं मेण नाही. घोड्या कॅलेंडर वाचत नाहीत. या वहीतच वेळा लिहीत जाणार आहे. वही ॲप्रनच्या खिशात मावते.

१२ जानेवारी, रविवार

मला उलगडत नाही अशी एक गोष्ट आज घडली, म्हणून सविस्तर लिहिते.

बराकपूरच्या लष्करी छावणीतली मुलं रविवारी घोड्यावर बसायला येतात. त्यांचं आटोपत होतं, साडेदहाचा सुमार. फाटकातून अजेयची गाडी आत आली. त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होते. पन्नाशीचे, गोरे, बोलायला मऊ. त्याच क्षणी सायली खिंकाळली. जाऊन बघते तर तिला दरदरून घाम फुटलेला, सकाळी सैल असलेली कास दगडासारखी भरलेली, सडांतून दूध ठिबकतंय. माझ्या अंदाजाने अर्ध्या तासात व्याली असती.

मी आनंदाने अजेयना हाक मारली. ते ऑफिसच्या पायरीवरून पुढे आले नाहीत. इथूनच बघतो म्हणाले. दहा मिनिटांत एक कागद घेऊन निघूनही गेले.

गाडी फाटकाबाहेर पडली आणि सायलीचा घाम वाळला. दुपारपर्यंत कास पुन्हा रिकामी. भरलेला पान्हा असा परत जाताना मी आजवर पाहिलेला नाही.

रामसकल म्हणाला, "वह राह देख रही है, डाक्टरनी जी." कुणाची, ते सांगितलं नाही.

१६ जानेवारी

सकाळी पावणेसातला ठोकण्याचा आवाज येतो. रोज. मी आधी वीटभट्टीचा समजत होते. पण तो बाळंतखोलीतून येतो. खुराचा नाही, खुराचा आवाज टणक असतो. हा सपाट, मऊ, तळहाताने लाकडावर थाप मारावी तसा. आणि खालच्या बाजूने, माझ्या गुडघ्याच्या उंचीवरून. दार उघडलं की बंद होतो. सायली दाराकडे तोंड करून उभी असते.

अकरा चाळीसला थांबतो. गेले तीन दिवस घड्याळ लावून बघते आहे. बरोबर अकरा चाळीस.

१९ जानेवारी

तीनशे बावन्न दिवस. आज आवाज चालू असतानाच आत जाऊन मी दार लोटून घेतलं आणि उभी राहिले. दार मिटताच तो पुन्हा सुरू झाला. दाराला कान लावला. दारातून येत नव्हता. भिंतींतूनही नाही.

सायलीजवळ गेले, बरगड्यांच्या मागे कान टेकवला.

तिच्या पोटातून येत होता. ठप्. ठप् ठप्. आतून बाहेर.

शिंगरू लाथा मारतं. मारतंच. ते मी हजार वेळा ऐकलेलं आहे. हे ते नव्हतं.

२१ जानेवारी

हात घालून तपासायचं ठरवलं. रामसकलने डोकं धरलं. सायली शांत. शिंगराची जागा ठीक, जिवंत आहे, हालचाल आहे. मी पुढचा पाय चाचपला. सांधा लागला, त्याच्या खाली खूर लागायला हवा. व्यायच्या आधी खूर मऊ असतो, रबरासारखा.

खूर नव्हता. मधल्या पातळ पडद्यापलीकडून काहीतरी माझ्या बोटाभोवती मिटलं. एक, दोन, तीन, चार, आणि पाचवं समोरून. धरून ठेवलं. चांगली दहा सेकंदं.

मी हात धुतले. पुन्हा धुतले. रामसकलला काही सांगितलं नाही. तरी त्याने विचारलं, "पकडा न?"

त्याला माहीत होतं.

२४ जानेवारी

कालिंदीताईंना आज वर्ष झालं. अजेय आले नाहीत, फोनही नाही. रामसकलने बाळंतखोलीच्या उंबऱ्यावर झेंडूची फुलं ठेवली आणि तिथेच बसून सगळं सांगितलं. त्याच्या हिंदीतलं मी माझ्या भाषेत लिहिते.

गेल्या वर्षी तो भाचीच्या लग्नाला गावी गेला होता. परतला तेव्हा सगळे विधी उरकलेले होते. त्याला खोली धुवायला सांगितलं. दाराच्या खालच्या फळीवर रक्ताचे पंजे होते. एक-दोन नव्हे, फळीभर, एकावर एक. माणूस जागच्या जागी मरतो तर एवढे पंजे कसे उठवतो? फाटकाच्या पहारेकऱ्याने त्याला सांगितलं, अजेयबाबू पहाटेच आले होते, जागा विकण्यावरून आदल्या रात्री बहीणभावांची फोनवर भांडणं झाली होती. सकाळी पावणेसातला ते खोलीकडे धावत गेले. मग चालत परत आले. ऑफिसमध्ये बसले. पहारेकऱ्याला बाजारात पाठवलं. तो परतला तेव्हा डॉक्टरला फोन चालला होता. दुपारचे बारा वाजायचे होते.

"मग तू कुणाला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "मालिक का नमक," एवढंच म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "डर गया था."

फळी दुसऱ्याच दिवशी बदलली. पहारेकऱ्याला काढून टाकलं.

आणि आणखी एक. गेल्या २ फेब्रुवारीला इथे कुठलाच घोडा आणला नव्हता. मी रजिस्टर काढलं. त्या एका ओळीचं अक्षर आधीच्या पानांशी ताडून पाहिलं. गोल, उजवीकडे झुकलेलं. कालिंदीताईंचं.

त्या २४ जानेवारीला गेल्या. नोंद त्यानंतर नऊ दिवसांची आहे.

२५ जानेवारी

मला भीती वाटायला हवी. वाटतेही. पण त्याहून दुसरंच काहीतरी वाटतं आहे, ते लिहून ठेवते.

मी डॉक्टर आहे. मोडलेली बरगडी फुप्फुसात शिरली की माणूस कसा मरतो ते मला ठाऊक आहे. लगेच नाही. बोलता येतं. सरपटता येतं. पावणेसात ते अकरा चाळीस, जवळजवळ पाच तास. बराकपूरला हॉस्पिटल पंचवीस मिनिटांवर आहे. कालिंदीताई वाचल्या असत्या. तो ऑफिसात बसून थापा ऐकत राहिला. आणि मग वर्षभर लोकांना सांगत राहिला की सायलीने मारलं.

२९ जानेवारी

अजेयचा फोन. एवढे दिवस वर गेले म्हणजे काहीतरी बिघडलंय, पोट कापून काढा, म्हणाले. घोडी जगणार नाही, मी सांगितलं. शिंगरूही बहुधा नाही. ते म्हणाले, "नाही जगली तर नाही जगली. मलाही तेच बरं." आवाज तसाच मऊ.

मी नाही म्हणाले. मग दुसरा डॉक्टर आणतो, म्हणाले. पंधरा तारखेला.

फोन ठेवला तेव्हा सायली खिडकीतून माझ्याकडे बघत होती.

३ फेब्रुवारी

बालीगंज. सरस्वतीपूजा. खालच्या मजल्यावरच्या पोरी पिवळ्या साड्या नेसून अडखळत चालल्या होत्या. कुणालला सगळं सांगितलं, हाताचं सोडून. तो नीट ऐकून घेणारा माणूस आहे. म्हणाला, पुरावा काय? फळी नाही, पहारेकरी सापडायचा नाही, रामसकल ठाण्यात बोलायचा नाही. तू ती नोकरी सोड, अपर्णा.

बरोबरच आहे त्याचं. पुरावा सायलीच्या पोटात आहे.

६ फेब्रुवारी

तीनशे सत्तर. थापा आता दिवसभर. मी आत बसते, पाठ तिच्या पायांना टेकवून. भीती गेली. तिला मी विचारलं, तो आला की व्यायशील? वेड लागल्यासारखं मोठ्याने विचारलं.

थापा थांबल्या. मग एकच. ठप्.

८ फेब्रुवारी

अजेयना फोन केला. सांगितलं, सायली सकाळी मेली. पोटात शिंगरू आहे, पुरण्याआधी मालकाने डोळ्यांनी बघावं.

त्यांनी श्वास सोडला. खूप लांब. हलका झालेला.

उद्या सकाळी येतो, म्हणाले.

९ फेब्रुवारी, रविवार

मुलांना आज येऊ नका म्हणून कळवलं. रामसकलला घोड्यांची चंदी आणायला बराकपूरला पाठवलं.

दाट धुकं होतं. साडेसहाला गाडी आली. सायली पेंढ्यावर आडवी पडली होती, पाय ताठ, डोळे उघडे, पोट हलत नव्हतं. मी तिला काही शिकवलेलं नाही. तिचं ती पडली होती.

अजेय दारात थांबले. मी आत होते, तिच्या मानेजवळ. या ना, म्हटलं, आता कसली भीती? ते आत आले. बुटाच्या टोकाने तिच्या पोटाला ढोसलं. "सुटलो एकदाचा," म्हणाले.

मी दाराकडे जाता जाता विचारलं, "कालिंदीताई किती वेळ जिवंत होत्या?"

'काय बोलता' असं त्यांनी म्हटलं नाही. "तुम्हाला रामसकलने सांगितलं?" म्हणाले. आणि मग, एखाद्या मुलाला समजावतात तसं: "ती वाचणार नव्हती हो. मी आलो तेव्हाच तिच्या तोंडातून रक्त येत होतं. मी काय करणार होतो?"

"दार का लावलंत?"

"ती ओरडत होती," ते म्हणाले.

मी बाहेर आले. दार ओढलं. कडी लावली. पावणेसात.

९ फेब्रुवारी, पुढे

ऑफिसच्या पायरीवर बसून लिहिते आहे. सात वाजून दहा. आधी ते नुसतं रागावून बोलले. मग सायली उठल्याचा आवाज आला. मग एक हाडाचा. एकच.

आठ वीस. उघडा म्हणतात. ताई म्हणतात मला.

साडेनऊ. थापा. दाराच्या खालच्या बाजूला.

मी उघडू शकते. बारा पावलं आहेत. मी मोजली आणि बसून राहिले.

अकरा चाळीस.

१० फेब्रुवारी

पोलीस आले, डॉक्टर आला. घोडीची लाथ, लिहिलं. गेल्या वर्षीही तेच झालं होतं, असं मीच सांगितलं. अजेयच्या मिसेसनी फोनवर मला रडत रडत विनंती केली, तेरावा होईपर्यंत फार्म सांभाळा.

जेवले. गाढ झोपले. मला पश्चात्ताप वाटत नाही. लिहून ठेवते: वाटत नाही.

११ फेब्रुवारी

रामसकल गेला. वळकटी बांधून. कडीला हात लावून बघितला, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, एकदा गप्प बसलो, त्याचं ओझं वर्षभर वाहिलं. दुसरं झेपायचं नाही.

सायली अजून व्याली नाही.

तो आला, तो गेला, तरी व्याली नाही.

१३ फेब्रुवारी

थापा पुन्हा. आता दोन प्रकारच्या. एक जुनी, मऊ. दुसरी जड, घाईची. एकमेकांत मिसळतात.

पोट वाढलंय. चार दिवसांत एवढं वाढत नाही.

१४ फेब्रुवारी

मी आत गेले की कास भरते. बाहेर आले की रिकामी. तीनदा करून बघितलं. तिन्ही वेळा तेच.

मी तुझ्या बाजूची आहे, म्हणून तिला सांगितलं. तिने डोकं टेकलं नाही. बघत राहिली. तिला बाजू नाही. दार कोणी लावलं एवढंच —

कुणाल म्हणतो आत्ताच्या आत्ता निघ. पण पाच जनावरं आहेत. नवा माणूस सोमवारी येणार. दोनच दिवस मध्ये.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सहा. सायली आडवी. पाणी फुटलं. कळा खऱ्या आहेत.

मी जाणार नव्हते. फाटकापर्यंत गेले होते बॅग घेऊन. पण ती ओरडली. बाळंत होणारी घोडी अशी ओरडते तेव्हा — अठरा वर्षं मी कधी अशी सोडून गेलेली नाही. आत अडकलं असेल तर दोघं मरतील.

कडी दोरीने बाहेरच्या खांबाला बांधली आहे. तीन गाठी. दार मिटूच शकत नाही. फोन खिशात.

६.३०. एक हात — पुढचा पाय, पुढचा पाय आहे, पडद्यातून नीट दिसत नाही. ओढते आहे. येत नाही.

६.४५. उठली. मध्येच. कळा थांबवून उठली. मी मागे

बरगड्या. डावीकडच्या. दोन, कदाचित तीन. श्वास घेताना आत टोचतं. तोंडात रक्त आहे. म्हणजे फुप्फुस. म्हणजे पाच तास

फोन पेंढ्यात कुठेतरी. सापडत नाही. सायली कोपऱ्यात उभी. रागावलेली नाही. नुसती उभी.

दार मिटलेलं आहे.

मी तीन गाठी मारल्या होत्या.

सरकत दारापर्यंत आले. ओरडता येत नाही. थाप मारता येते. मारते आहे. फळी नवी आहे, तिच्यावर माझे —

बाहेर पावलं. ऑफिसकडून. कोणीतरी आहे! नवा माणूस आजच आला असेल. हाक मारली. थांबली पावलं, दाराशीच. कडी वाजली. देवा. कडीला हात लावला.

उघडत नाही. नीट बसली आहे ना, एवढंच बघतंय कोणी